नवरदेवाचं शिंगरू

कागदावर त्याचं नाव चार शब्दांचं होतं आणि ते मालक सोडून कोणाच्या जिभेवर चढत नसे. पागेतली माणसं त्याला कसाई म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. शर्यती सोडून तो पैदाशीला इथे आला त्या पहिल्याच वर्षी त्याने घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराचा कान तोडला. दुसऱ्या वर्षी एकाच्या मांडीचा लचका काढला. तिसऱ्या वर्षी मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं गिळली. चावली नाहीत, गिळली. घोड्यांचे डॉक्टर गुडघ्यावर बसून गवत चिवडत बोटं शोधत होते, आणि मामा हाताला फडकं गुंडाळून त्यांना सांगत होते, "अहो, तिथे कसली सापडतात? त्याच्या पोटात बघा."

पण कसायाची पोरं शर्यती मारत. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तशा मालकाला कसायाच्या लाथाही गोडच लागत. त्या खाव्या दुसऱ्यांना लागत, हा भाग वेगळा. मालकाच्या खोलीत भिंतीभर घोड्यांच्या वंशावळी टांगलेल्या. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं असतं तर गडी डोकं खाजवत बसला असता, पण कसायाच्या पणजीची पणजी कोण हे त्याने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. "खाण तशी माती," हे त्याचं लाडकं वाक्य. घोडा जिंकला की तो ते म्हणे, आणि घोडा कोणाला चावला की तेही त्याच सुरात म्हणे.

मामा हे तिथल्या नर घोड्यांचे मुकादम. चाळीस वर्षांची नोकरी, पागेमागच्या दोन खोल्या, आणि सगळ्या आवाराचे मामा. खरे मामा ते एकाचेच, भडक्याचे.

भडक्या त्यांच्या बहिणीचा मुलगा. तो दीड वर्षाचा असताना त्याच्या बापाने कामावरच्या भांडणात एका माणसाला फावड्याने मारलं. माणूस पहिल्याच घावाला पडला होता, पण बघणारे म्हणाले, पडल्यावरही हा थांबला नाही. बाप तुरुंगात गेला आणि तिथेच खोकून खोकून मेला. बहीण पोर घेऊन मामांकडे आली, आणि पोर नऊ वर्षांचं झालं तेव्हा तीही गेली. भडक्याला बापाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. पण त्याने कोणाला चावा घेतला, ताट भिरकावलं, दारावर लाथ मारली (आणि असलं कोणतं पोर करत नाही?) की शेजारच्या बायका हनुवटीला बोट लावून म्हणत, "बापावर गेलाय हो." मग मामा खुंटीवरची लगामाची वादी काढत. "तुझ्या बापाचं रक्त बाहेर काढतो," असं म्हणत आणि मोजून मारत. आपण पोराला मारत नाही, त्याच्या आत दडलेल्या बापाला मारतो, अशी त्यांची पक्की समजूत. वळ मात्र पोराच्या पाठीवर उठत.

आता भडक्या तिशीचा झाला होता. लग्न झालेलं, साडेतीन वर्षांची चिमी. कोवळ्या घोड्यांना खोगिराची सवय लावणं हे त्याचं काम. हात भरवशाचा, पण जड. कामावर चिडला की काठी मोडे आणि घरी चिडला की भांडी. मामा ते बघत आणि उसासा टाकून म्हणत, आपण इतकं ठेचलं तरी शेवटी मूळ वळणावर गेलाच.

आणि एक होता नवरदेव. घोडी माजावर आहे की नाही हे बघायला पैदाशीच्या ठिकाणी एक बिनमोलाचा नर ठेवतात. कुंपणापलीकडून त्याला घोडीला दाखवायचं. घोडी लाथ मारते की लाडात येते ते बघायचं. लाथ असली तर ती याच्या छातीवर, आणि घोडी राजी असली की याला दाव्याला धरून माघारी न्यायचं आणि कसायाला आणायचं. दरवर्षी चाळीस वेळा सजून निघालेला आणि चाळीस वेळा दारातून परत आलेला हा घोडा, म्हणून पागेने त्याचं नाव नवरदेव ठेवलं. तोही कसायासारखाच कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. स्वभाव असा की चिमी त्याच्या पोटाखालून खुशाल आरपार जाई आणि तो पाय हलवायचा नाही. तो कुठल्या वंशाचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. किती पळतो तेही ठाऊक नव्हतं, कारण त्याला कधी कोणी पळवून पाहिलंच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मामांची बोटं गेली त्या सकाळची ही गोष्ट. मालकाची सगळ्यांत लाडकी घोडी, जिला सगळे बाईसाहेब म्हणत, ती कसायासाठी आणली होती. कसाई तिच्यावर आला तो प्रेमाने नाहीच. त्याने तिची मान धरली आणि झटका दिला तसा चामडीचा एक पट्टा सोलून खाली लोंबला. मामा काठी घेऊन मध्ये पडले, त्यात बोटं गेली. डॉक्टरांनी घोडीला अकरा टाके घातले, मामांचा हात बांधला आणि सांगितलं, आधी दवाखाना गाठा. तेवढ्यात मालकाचा फोन आला. तो बाहेरगावी शर्यतीला गेला होता.

"घोडी उद्यापर्यंत थांबायची नाही," मालक म्हणाला. "आजच्या आज पुन्हा लावा. मला कारणं सांगू नका."

मामा कसायाच्या दारापाशी गेले. अडसरावर हात ठेवला. आत कसाई शांतपणे काहीतरी चघळत उभा होता, आणि ती आपलीच बोटं असावीत असं मामांच्या मनात आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडून दार उघडलं गेलं नाही. डॉक्टर निघून गेले होते. घोडी धरायला एक म्हातारा मोतद्दार होता, त्याला धड दिसत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तोही वारला. मामांनी शेजारचं दार उघडलं. त्या दिवशी नवरदेवाचं एकदाचं लग्न लागलं. टाक्यांची घोडी त्याच्यापुढे हुं की चूं न करता उभी राहिली. मग मामांनी नोंदवहीत कसायाचं ते चार शब्दांचं नाव लिहिलं, एकही चूक न करता, आणि दवाखान्यात गेले.

अकरा महिन्यांनी बाईसाहेबांना शिंगरू झालं. कुमैत नर. पहिल्या दिवशी पाय फाकवून कसंबसं उभं राहिलं आणि सगळीच शिंगरं करतात तसं समोरच्या मोतद्दाराची बाही दातांत धरून ओढायला लागलं. "अरे, बापावर गेलं की!" मोतद्दार ओरडला आणि त्याने त्याच्या नाकाडावर एक ठेवून दिली. सगळे हसले. मामाही हसले. त्याच्या कपाळावरचा भोवरा बरोबर नवरदेवासारखा डावीकडे होता, आणि तो त्यांच्याशिवाय कोणी पाहिला नाही.

तेव्हापासून ते शिंगरू छोटा कसाई झालं. आईपासून तोडलं ते टोकाच्या खोलीत ठेवलं. खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद, कारण थोरला कसाईही असाच ठेवलेला. जवळ जायचं तर दोघांनी आणि हातात काठी घेऊन. लगामाऐवजी तोंडातून साखळी. त्याने कान मागे टाकायच्या आत काठी बसे, कारण तो कान मागे टाकणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. दारावर खडूने लिहिलं होतं : आत पाठ फिरवू नका. मामांनीही त्याला मारलं. एकट्याने हात आवरला असता तर लोकांना शंका आली असती, असं ते स्वतःला सांगत. तिसऱ्या वर्षापर्यंत छोट्या कसायाने एका घोडा शिकवणाऱ्याचा जबडा फोडला होता आणि दुसऱ्याच्या गुडघ्याची वाटी. पागेतली माणसं समाधानाने मान हलवत. बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

पळायचा मात्र वाऱ्यासारखा. मालक कुंपणाबाहेर घड्याळ लावून उभा राही आणि मोकळ्या कुरणात त्याला धावताना बघे. "बाप दिसतो, बाप!" तो म्हणायचा. मामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे राहायचे.

त्या वर्षी नवा नियम आला. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याचे आयाळीचे केस मुळासकट उपटून तपासणीला धाडायचे. त्यातून आईबापांची खात्री होणार. एका मंगळवारी डॉक्टर छोट्या कसायाचे केस घ्यायला आले. चार माणसांनी त्याला भिंतीशी दाबला, हलू नये म्हणून वरच्या ओठाला दोरीचा पीळ दिला. डॉक्टरांनी केस उपटले, पाकिटात घातले.

"दहा दिवसांत उत्तर येईल," डॉक्टर म्हणाले.

"उत्तर मला पाठ आहे," मालक हसला. मग भडक्याकडे वळला. "शनिवारपर्यंत याच्या पाठीवर खोगीर चढलं पाहिजे. दोघांनी हात टेकले, आता तू. नाही जमलं तर डॉक्टर, शनिवारी सुई घेऊन या. माणसं मारणारा घोडा मी ठेवणार नाही. शेवटी रक्तच तसलं."

"पायांत रक्त असेल, साहेब," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "डोक्यात काय आहे ते त्याला वाढवणाऱ्यांना विचारा."

"ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणून काही वाण लागत नाही, डॉक्टर."

"पण गुण लागतो. म्हण पुरी म्हणा की."

मालकाला ते आवडलं नाही. तो निघून गेला. मामा पाकिटाकडे बघत होते.

दहा दिवस. तोंड उघडावं तर चाळीस वर्षांची नोकरी, दोन खोल्या, भडक्याचंही काम, सगळ्यावर पाणी. गप्प बसावं तर दहा दिवसांनी पाकीट बोलणारच. पण शनिवार त्याच्या आधी येत होता. मेल्या घोड्याच्या बापाची चौकशी कोण करतो? कागद येईल, मालक हळहळेल, न वाचताच फडताळात टाकून देईल. हा विचार मामांच्या मनात आला आणि त्यांना हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना किळस आली. नवरदेवाचं एकुलतं एक पोर, आणि आपण त्याच्या मरणाची वाट बघतोय! तरी ते बोलले नाहीत. माणूस मोठा चिवट असतो, स्वतःच्या लबाडीला तर फारच.

बुधवारी भडक्या आत गेला आणि तळव्याची सालटी काढून बाहेर आला. गुरुवारी छोट्या कसायाची लाथ त्याच्या बरगडीला चाटून गेली. घोड्याची पाठ तोवर फुटली होती, वळांच्या जागी ओले पट्टे दिसत होते, आणि माशा बसायला लागल्या होत्या. दुपारी जेवताना चिमीच्या हातून पाणी सांडलं. भडक्याने ताट उचलून भिंतीवर फेकलं. बायको कपाळाला हात लावून बसली. चिमी टेबलाखाली गेली ती बाहेरच येईना.

"काय रे हे?" मामा म्हणाले. "पोर घाबरलंय."

"मग घाबरू दे," भडक्या म्हणाला. "मी नाही का घाबरून मोठा झालो?"

मामांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

शुक्रवारी सकाळी भडक्या साखळी घेऊन निघाला. दोन मोतद्दार बरोबर होते, त्यांना त्याने दाराबाहेरच थांबवलं. "आज मी नाहीतर तो," एवढंच म्हणाला. मामा मागोमाग गेले आणि आत शिरून दाराशी भिंतीला चिकटून उभे राहिले.

खोलीत मुताचा आणि रक्ताचा वास कोंडला होता. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात घोड्याच्या एका डोळ्याचं पांढरं तेवढं चमकत होतं. त्याचं दावं भिंतीतल्या कडीला बांधलेलं. भडक्याने खोगीर उचललं, घोड्याने अंग फेकलं, खोगीर भिंतीवर आदळलं. साखळी बसली, मानेवर. पुन्हा खोगीर. पुन्हा साखळी, या वेळी तोंडावर, आणि दात वाजल्यासारखा आवाज आला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, डोकं छताच्या तुळईला लागलं, खाली आला तो भडक्याच्या अंगावर. भडक्या सटकला. आता तो मोजत नव्हता. साखळी जिथे पडेल तिथे पडत होती, कानावर, डोळ्यावर, फुटलेल्या पाठीवर. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून तुटक तुटक शब्द बाहेर पडत होते. आधी मामांना ते कळलेच नाहीत, आणि कळले तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"तुझ्या बापाचं रक्त," भडक्या म्हणत होता, "बाहेर काढतो. तुझ्या बापाचं रक्त बाहेर काढतो."

"थांब!" मामा ओरडले. "अरे थांब, तो त्याचा नाही!"

साखळी वरच राहिली. "कोण कोणाचा नाही?"

"हा कसायाचा नाही. नवरदेवाचा आहे. माझी बोटं गेली त्या दिवशी मला कसायाचं दार उघडायचा धीर झाला नाही. मी नवरदेवाला लावला आणि वहीत खोटं लिहिलं."

भडक्या आधी हसला. धाप लागलेली, त्यामुळे ते हसणं खोकल्यासारखं आलं. मग त्याने मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

"नवरदेवाचा? आपल्या नवरदेवाचा?"

"हो."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं. तिन्ही वर्षं."

"हो रे."

"तरी तुम्हीही मारलंत याला."

मामांनी घोड्याच्या फुटलेल्या पाठीकडे पाहिलं.

"याच्या अंगात कसाई नव्हताच, मामा." भडक्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "तो आपण भरला. मग माझ्या अंगात कोण होतं? मी चार वर्षांचा होतो हो. चार वर्षांचा. तेव्हा तुम्ही कोणाला मारत होतात?"

भडक्याने साखळी खाली टाकली. घोड्याच्या नाकातून रक्ताचे थेंब गवतावर पडत होते, त्यांच्याकडे त्याने क्षणभर पाहिलं. मग पुढे होऊन दाव्याची गाठ सोडली, आणि दाराकडे वळला.

पाठ फिरवली त्याने.

भडक्याला जे कळलं होतं ते घोड्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळलं की दावं सैल झालं आणि समोर काठी नाही. त्याने भडक्याचा उजवा खांदा मानेच्या मुळाशी धरला, धडधाकट माणूस बाहुलीसारखा उचलला आणि खाली आपटला. हाड मोडल्याचा आवाज मामांनी स्पष्ट ऐकला. भडक्या किंचाळला. घोडा पुढचे गुडघे टेकून त्याच्या छातीवर बसला, दात खांद्यातून न काढता मान डावीउजवीकडे झटकू लागला, आणि प्रत्येक झटक्याला चामडी फाटत गेली.

दाराशी शेण उचलायचं लोखंडी फावडं टेकवलेलं होतं. मामांनी ते केव्हा घेतलं ते त्यांना कधीच आठवलं नाही. पहिला घाव घोड्याच्या डोळ्यावर बसला. दुसरा कानांच्या मागे, टाळूवर, पात्याच्या धारेने. तिसऱ्याला घोड्याने दात सोडले. चौथ्याला तो आडवा झाला. पाचव्याला त्याचे पाय ताठ होऊन थरथरायला लागले. सहावा. सातवा. मामांच्या तोंडावर, मिशीवर, उघड्या तोंडात रक्त उडत होतं, आणि त्यांना ते गोड लागत होतं. हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही. चाळीस वर्षांत घोड्यांपुढे गिळलेली सगळी भीती खांद्यातून हातात उतरत होती आणि हात वर जात होता, खाली येत होता.

"मामा, सोडलंय त्याने!" दोन्ही मोतद्दार आत येऊन त्यांना कवेत धरत होते. "अहो, केव्हाच सोडलंय! थांबा!"

मामा थांबले नाहीत. तिघे मिळून खाली पडले तेव्हाच फावडं सुटलं. खाली पडल्यापडल्या त्यांना भडक्याचा चेहरा दिसला. तो पांढराफटक होता, पण शुद्धीवर होता, आणि एकटक मामांकडे बघत होता. फावड्याकडे, आणि मग मामांकडे.

मामांच्या अंगात त्याच्या बापाच्या रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

डॉक्टर धावत आले. घोडा अजून जिवंत होता. त्यांनी बंदूक मागवली, त्याच्या कपाळावर टेकवली, डावीकडच्या त्या भोवऱ्याजवळ, आणि एक गोळी झाडली. खोलीतल्या भिंतीला खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त लागलं होतं. ते धुवायला दोन माणसांना अख्खा शनिवार गेला.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा कागद आला. मालकाने तो तीनदा वाचला, मामांना बोलावून खरं काय ते ऐकलं, आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. ओरडला नाही. मग तो कागद हातात घेऊन नवरदेवाच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिला. जणू त्या म्हाताऱ्या घोड्याने पोटात काही दडवून ठेवलं असावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. नवरदेवाने मान पुढे काढली, कागद हुंगला, आणि अर्धा खाऊन टाकला.

भडक्याचा हात कापावा लागला नाही. खांद्याच्या वर मात्र तो कधी जाणार नाही, असं सर्जन म्हणाले. बारा दिवसांनी, दुपारच्या भेटीच्या वेळेत, मामा पहिल्यांदा त्याला बघायला गेले. लांब खोलीत दोन्ही बाजूंना खाटा, औषधाचा वास. भडक्याची बायको स्टुलावर बसली होती, चिमी तिच्या मांडीवर. मामा पायथ्याशी उभे राहिले. कोणी त्यांना बसा म्हणालं नाही.

"बरं आहे का आता?" मामांनी विचारलं.

"आहे," भडक्या म्हणाला.

चिमीला खाटेवर चढायचं होतं. आईने तिला घट्ट धरलं, "बाबाला दुखतंय, सोने." चिमीने हातपाय झाडले, ऐकेना, आणि शेवटी आईच्या मनगटाला कडकडून चावली.

"आई गं!" बायको कळवळली.

पलीकडच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी हनुवटीला बोट लावून म्हणाली, "अगं बाई! कोणावर गेली गं ही?"

"बापावर, दुसऱ्या कोणावर!" बायको मनगट चोळत म्हणाली. थकलेली होती बिचारी, सवयीचं वाक्य तोंडातून निसटलं.

आणि मामांचा उजवा हात वर गेला.

त्यांनी नेला नाही, तो गेला. पोराच्या तोंडाच्या उंचीला, उघडा, पंजा ताठ. खाली येणार तोच कोणीतरी मनगट धरलं. भडक्याने खाटेवरून अर्धवट उठून, धड असलेला डावा हात लांबवून तो धरला होता. टाके ताणले जाऊन त्याच्या बांधलेल्या पट्टीवर ताजं रक्त उमटत होतं.

"हात खाली, मामा," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "ती कोणावर गेलेली नाही. तिला कोणावर घालवूही नका."

त्याने मनगट सोडलं. मामांनी हात खाली घेतला. आधी मांडीशी धरला, मग खिशात घातला, मग पुन्हा बाहेर काढला. "मी सहज..." ते म्हणाले.

चिमी आईच्या मांडीवरून उतरली. तिला बाबाच्या उशाशी जायचं होतं, आणि मामा वाटेत उभे होते. ती भिंतीला घासून, पायापुढे पाय टाकत, त्यांना वळसा घालून गेली. डोळे तिने त्यांच्या हातावरून हलवले नाहीत, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत एकदाही त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही.